लुआऊला सहाही जणांनी गेलंच पाहिजे का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. डिसेंबरच्या सुट्टीत ती, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे असे सहा जण हवाईला निघालेत. आधी चार रात्री ओआहू बेटावर, मग चार रात्री माउईवर. विमान, हॉटेल, गाडी सगळं ठरलं. गाडं अडलंय लुआऊवर. लुआऊ म्हणजे समुद्रकाठी संध्याकाळी होणारा जेवण, गाणी आणि नाच असा हवाईचा सोहळा. नवरा म्हणतो, हा टूरिस्टांना गंडवायचा धंदा आहे. मुलगी म्हणते, हवाईची माणसं ‘येऊ नका’ म्हणून सांगताहेत आणि आपण त्यांचा नाच बघत जेवायचं, हे लाजिरवाणं आहे. मुलाला फक्त आगीचा नाच बघायचाय. सासूबाई पक्क्या शाकाहारी. जमिनीतून अख्खं भाजलेलं डुक्कर काढतात हे कळल्यापासून त्या म्हणताहेत, ‘तुम्ही जा, मी बसते खोलीत.’ सासऱ्यांनी सहा तिकिटांचे रुपये करून पाहिले आणि गप्प झाले. त्यांचे गुडघेही दुखतात. पत्राचा शेवट असा: ‘सगळ्यांना आवडेल, अस्सल असेल आणि परवडेल असा एकच लुआऊ सांगा. हवाईला जाऊन लुआऊ न बघता परत आलो तर काय उपयोग?’

*

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या तीन अटींपैकी ‘अस्सल’ ही अट आधी बाजूला ठेवू. निम्मी भांडणं तिच्यापायीच चालली आहेत, आणि ती पुरी करणारा लुआऊ तिकीट काढून मिळणारच नाही.

तुमच्या यजमानांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. लुआऊच्या ताटात काय काय असतं ते बघा. ‘लोमी-लोमी’ म्हणून टोमॅटो-कांद्यात कुस्करलेला खारा सामन मासा वाढतात. सामन हवाईच्या पाण्यात होतच नाही. तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून खारवून पिंपांतून यायचा. काचेसारख्या शेवया घातलेलं चिकन चिनी मजुरांबरोबर आलं. उकुलेले हे वाद्य १८७९ मध्ये माडेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या गिटारीपासून घडलं. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हातात देतात ते माय ताय नावाचं रमचं पेय कॅलिफोर्नियात जन्मलं. आणि तुमचा मुलगा ज्यासाठी हटून बसलाय तो आगीचा नाच हवाईचा नाहीच, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांचा. सामोआच्या योद्ध्यांचं सुरा फिरवण्याचं नृत्य जुनं आहे खरं, पण त्या सुऱ्याला आग लावली ती फ्रेडी लेटुली या सामोअन कलाकाराने, १९४६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. म्हणजे ‘प्राचीन अग्निनृत्य’ तुमच्या सासऱ्यांच्या पिढीचंच म्हणायचं.

एवढं ऐकलं की यजमान म्हणतील, बघा, मी म्हणत होतो ना! पण या मेजवानीचा सगळा इतिहासच असा आहे. १८१९ पर्यंत हवाईत बायका आणि पुरुष एकत्र जेवत नसत. डुकराचं मांस, केळी, नारळ, काही मासे बायकांना वर्ज्य होते आणि हा नियम मोडण्याला जिवानिशी जाण्याची शिक्षा होती. (बायकांनी वेगळं जेवायचं, हे ऐकून तुमच्या सासूबाईंना फारसं नवल वाटणार नाही.) पहिला कामेहामेहा राजा वारला आणि काही महिन्यांतच त्याची राणी काअहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी या दोघींनी नेट लावला. तरुण राजा लिहोलिहो कैलुआ-कोनाच्या मेजवानीत बायकांच्या पंक्तीला जाऊन बसला आणि जेवला. त्या एका जेवणाबरोबर जुन्या निषेधांची अख्खी व्यवस्था कोसळली. आजच्या मोकळ्या मेजवानीची वाट तिथून सुरू होते. पुढे हीच काअहुमानू ख्रिस्ती झाली आणि १८३० मध्ये तिने हवाईचा हुला हा नाच जाहीरपणे करण्यावर बंदी घातली. तो नाच पुन्हा दिमाखात राजवाड्यात आणला कालाकाउआ राजाने, १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात आणि १८८६ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला. त्या वाढदिवसाच्या मेजवानीत परदेशी पाहुणेही होते. पाहुण्यांना खाऊ घालणं आणि त्यांच्यासमोर नाचणं ही हॉटेलवाल्यांनी काढलेली टूम नव्हे.

हॉटेलवाल्यांनी काढली ती तिकिटं. पणजीला संध्याकाळी मांडवीत बोट निघते, त्यावर तासाभरात देखणी, फुगडी, कोरेदिन्यो सगळं उरकतात, तो प्रकार तुम्ही पाहिला असेल. त्या बोटीवर गोवा कळला असं कोणी म्हणत नाही, पण नाचणाऱ्या मुलीची देखणी खोटी असते असंही नाही. तिकिटाचा लुआऊ त्याच जातीचा. हवाईच्या माणसांचा स्वतःचा लुआऊ वेगळा असतो: बाळाचा पहिला वाढदिवस, लग्न, शाळा संपल्याचा आनंद. अंगणात किंवा सार्वजनिक बागेत तंबू ठोकतात, काका-मामा आदल्या रात्रीपासून खड्डा पेटवतात, आणि तिथे आमंत्रणाशिवाय जायचं नसतं. ओळख असेल आणि बोलावलं तर आनंदाने जा. नसेल तर तिकिटाच्या लुआऊला ‘तू तसा का नाहीस’ म्हणून बोल लावू नये.

तेव्हा ‘अस्सल कोणता?’ हे सोडा आणि दुसरं विचारा: तिथे नेमकं काय दाखवतात? बहुतेक लुआऊ म्हणजे साऱ्या पॉलिनेशियाची, म्हणजे पॅसिफिकमधल्या या बेटांच्या टापूची, सरमिसळ. हवाईचा हुला, ताहितीचा वेगवान कंबर हलवण्याचा नाच, न्यूझीलंडच्या माओरींचा हाका, शेवटी सामोआची आग. ढोल दणदणतात, मुलं खूश, बघता बघता वेळ जातो. थोडेच लुआऊ असे आहेत की तिथे फक्त हवाईचा हुला असतो: मंत्र म्हणत, भोपळ्याच्या वाद्याच्या तालावर केलेला जुना कडक हुला आणि गिटार-उकुलेलेवरचा नंतरचा लडिवाळ हुला. त्यात धडाका कमी, आणि बोलांचा अर्थ समजून घेतला तर आनंद जास्त. एकात दुसरं शोधायला गेलात की पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. माझ्याकडे आलेल्या तक्रारींची पत्रं मी पुन्हा चाळली, तर बऱ्याच जणींची गाडी इथेच चुकलेली आहे: हुला हवा होता, आग मिळाली, नाहीतर उलट.

तुमच्या दोन बेटांवर या दोन टोकांची ठळक उदाहरणं आहेत. माउईवर लाहाइना गावात १९८६ पासून ‘ओल्ड लाहाइना लुआऊ’ चालतो. तो हवाईपुरताच आहे. आगीचा नाच तिथे नाही, हे मुलाला आधीच सांगा, तिथे जाऊन नको. ओआहूवर लाईए गावात १९६३ पासून ‘पॉलिनेशियन कल्चरल सेंटर’ आहे. सामोआ, टोंगा, फिजी, ताहिती, माओरी, हवाई अशी एकेकाची वस्ती उभी केली आहे. नारळ सोलणं, झाडावर चढणं, ढोल वाजवणं असं दुपारभर चालतं आणि रात्री मोठा कार्यक्रम होतो, आगीसकट. दर वर्षी आगीच्या सुऱ्याची जागतिक स्पर्धाही इथेच भरते. संस्था मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची आहे, शेजारच्या त्यांच्याच विद्यापीठातले विद्यार्थी तिथे काम करून शिकतात. म्हणून रविवारी बंद आणि दारू अजिबात नाही. यजमानांची माय तायची इच्छा असेल तर ती दुसरीकडे भागवावी लागेल. वाइकीकीहून, म्हणजे होनोलुलूच्या हॉटेल-वस्तीतून, गाडीने तासाभराहून जास्त लागतो आणि दुपारी शिरलं की रात्री नऊच्या सुमाराला सुटका. सासऱ्यांच्या गुडघ्यांना ते आवार मोठं आहे.

(या दोन बेटांवर न जाणाऱ्या वाचकांसाठी ओझरतं: काउई बेटावर वाइलुआला स्मिथ कुटुंबाच्या बागेतला लुआऊ आहे, बाग फिरायला मिळते, आणि जेवण वगळून नुसत्या कार्यक्रमाचं तिकीटही मिळतं. बिग आयलंडवर कोनाला राहणार असाल तर कामाकाहोनू या छोट्या खाडीकाठी लुआऊ होतो. पहिल्या कामेहामेहाची शेवटची वर्षं तिथेच गेली आणि तो तिथेच वारला. नाच कसाही असो, जागेसाठी मी तोच निवडेन.)

आता तुमच्या लेकीकडे वळू, कारण घरात सगळ्यांत गंभीर मुद्दा तिचा आहे आणि तुम्ही पत्रात तो एका ओळीत उरकला आहे. ती जे म्हणते ते हवेतलं नाही. १८९३ मध्ये अमेरिकी व्यापारी आणि मळेवाल्यांनी, किनाऱ्यावर उतरवलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाठबळावर, लिलिउओकालानी राणीला पदच्युत केलं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने गिळली. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ठराव करून माफी मागितली. पण राज्य किंवा जमीन काही परत मिळाली नाही. मग २०२३ च्या ८ ऑगस्टला लाहाइना जळालं. शंभरहून अधिक माणसं गेली, हजारो बेघर झाले. दोन महिन्यांनी पश्चिम माउई पर्यटकांना खुलं केलं, तेव्हा ‘आम्हाला अजून वेळ द्या’ म्हणत तिथल्या हजारो लोकांनी त्याला विरोध केला. लेकीने बहुधा त्याच वेळचे व्हिडिओ पाहिले असतील.

पण त्याच लाहाइनात हॉटेलात, बोटींवर, लुआऊत काम करणाऱ्यांची घरं पर्यटकांवरच चालतात. ओल्ड लाहाइना लुआऊ आगीतून वाचला, बंद राहिला आणि २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे जाणं म्हणजे जखमेवर नाचणं, असं सगळेच मानत नाहीत. जळालेल्या घरांसमोर उभं राहून फोटो काढणं मात्र तसंच आहे, आणि ते करू नका. गावात एक वड आहे. १८७३ मध्ये भारतातून आणून लावलेला, आगीत होरपळला, पुन्हा पालवला. तो जरूर बघा. सासऱ्यांना तर हमखास आवडेल.

लेकीची समजूत काढत बसू नका. तिला काम द्या. कोणत्या लुआऊला जायचं ते तिला ठरवू द्या आणि शोधायला सांगा: तो कोणाच्या मालकीचा, नाचणारी मुलं कोणत्या हुला गुरूकडे शिकलेली, निवेदक हुलाच्या बोलांचा अर्थ सांगतो की नुसते विनोद करतो, हवाईच्या बायकांची टिंगल होईल असे नारळाच्या चोळ्यांचे खेळ प्रेक्षकांना करायला लावतात का. आक्षेप घेणारीनेच निवड केली तर तिला जाताना खाली मान घालावी लागणार नाही. आणि ती म्हणाली की ‘नाहीच जायचं’, तर तेही उत्तर धरा. होनोलुलूत बिशप म्युझियम आहे, १८८९ पासूनचं. पिसांचे राजवस्त्र-झगे, होड्या, देवांच्या मूर्ती सगळं तिथे आहे. कालाकाउआने बांधलेला इओलानी राजवाडा आहे. सत्ता गेल्यावर राणीला त्याच्याच एका खोलीत कैद करून ठेवलं होतं. तेरा वर्षांच्या विचारी मुलीला त्या खोलीत उभं राहून जे कळेल ते कुठल्याच लुआऊत कळणार नाही. वाइकीकीच्या कुहिओ बीचवर संध्याकाळी फुकट हुला होतो, त्याचे वार बदलतात तेवढे बघून घ्या.

सासूबाईंच्या बाबतीत मला एक शंका आहे. ‘तुम्ही जा, मी बसते खोलीत’ या वाक्याचा तुम्ही एकच अर्थ घेतला: त्या मन मारताहेत आणि तुम्ही त्यांच्यासाठी काहीतरी जुळवून आणलं पाहिजे. पण त्यांना खरंच खोलीत बसायचं असेल तर? आठ दिवस सहा माणसांच्या तांड्यात फिरल्यावर एक संध्याकाळ गच्चीत पाय वर करून, स्वतःच्या हातचा चहा घेऊन, पुण्याला बहिणीशी निवांत फोनवर बोलायला मिळणं हे त्यांच्या दृष्टीने सुख असू शकतं. विचारा. सगळ्यांसमोर नको, दोघीच असताना, आणि ‘तुम्ही नाही आलात तर कुणालाच मजा येणार नाही’ हे वाक्य न वापरता.

त्या येते म्हणाल्या, तर मात्र जेवणाचं नीट सांगते, कारण इथे फसायला होतं.

हवाईचं जेवण उभं आहे ते अळूवर. तेच आपलं अळू आणि त्याच अळकुड्या. हवाईच्या कथेत तर अळू हा माणसाचा थोरला भाऊ: आकाशपित्याचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे अळू उगवलं, आणि नंतर जन्मलेल्या धाकट्या भावापासून माणसं झाली. म्हणून जेवताना पोईचं भांडं उघडं असेल तर भांडायचं नाही, अशी तिथली जुनी रीत. पोई म्हणजे उकडलेल्या अळकुड्या कुटून पाणी घालून केलेली जांभळट करडी पेज. बोटांनी खातात, ताजी असेल तर गोडसर, दोन दिवसांनी आंबते. टूरिस्ट तिची थट्टा करतात. निवेदकही बरेचदा त्यांच्या सुरात सूर मिसळतो, ते मला आवडत नाही. सासूबाईंना ती निर्धास्त चालेल. रताळी चालतील. भात चालेल. नारळाच्या दुधाच्या घट्ट वड्या असतात, हाउपिया. त्यात नारळाचं दूध, साखर आणि कॉर्नफ्लोअर, तरी एकदा विचारून घ्या.

धोका आहे तो ओळखीच्या वाटणाऱ्या पदार्थांत. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली हिरवी पातळ भाजी समोर येईल, दिसायला थेट अळूचं फदफदं. आणि तिच्यात स्क्विड नाहीतर चिकन असेल. पानांत बांधून वाफवलेली सुबक पुडी दिसेल, लाउलाउ. सोडली की आत डुक्कर आणि बहुधा मासाही. हिरवं दिसलं म्हणून वाढून घेऊ नका. शाकाहारी ताट आधी कळवल्यास बहुतेक मोठ्या लुआऊत मिळतं. मात्र ‘व्हेजिटेरियन’ एवढाच शब्द टाकून थांबू नका. मासे नाहीत, चिकन नाही, मांसाचं पाणी नाही, असं एकेक लिहा. आणि मनात एवढं पक्कं ठेवा की ते ताट दोनशे डॉलरचं वाटणार नाही. भाजलेल्या भाज्या, भात, टोफू एवढंच असेल. निघताना हॉटेलवर काहीतरी पोटात घालूनच निघा.

राहिलं ते डुक्कर. जमिनीत खड्डा करून, त्यात लाकडं आणि लाव्ह्याचे दगड तापवून, केळीचे सोट आणि पानं घालून, वरून ओली गोणपाटं आणि माती लोटून ते तासन्‌तास शिजवतात. या खड्ड्याला इमू म्हणतात. कार्यक्रमात तो उघडून दाखवतात, तेवढी दहा-पंधरा मिनिटं. बहुतेक ठिकाणी हे एका कोपऱ्यात होतं आणि बघायला ज्याला जायचं तो उठून जातो. सासूबाईंनी त्या वेळी समुद्राकडे तोंड करून बसावं, झालं. काही लुआऊत इमू नसतोच. आधी विचारलं तर सांगतात. पण नंतर शेजारच्या ताटात ते मांस असणारच, लांब सामाईक टेबलं असतील तर अनोळखी माणसाच्या ताटात, अगदी कोपराला कोपर लावून. त्यांना ते सोसेल की नाही हे त्याच सांगू शकतील. सोसणार नसेल तर नुसत्या कार्यक्रमाचं तिकीट काढायची सोय कुठे आहे ते बघा; लाईएच्या सेंटरमध्ये ती असते.

मुलाचं गणित घड्याळाचं आहे. डिसेंबरात न्यू जर्सी हवाईच्या पाच तास पुढे असते. लुआऊची दारं पाचच्या आसपास उघडतात. लेई, म्हणजे फुलांची माळ, गळ्यात पडते, खेळ होतात, सूर्य पावणेसहाच्या सुमाराला बुडतो, मग जेवण, मग नाच. आग सगळ्यांत शेवटी. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जर गेलात तर आठ वाजता त्याच्या शरीराच्या हिशेबात रात्रीचा एक वाजलेला असेल आणि ज्या आगीसाठी एवढं रामायण झालं ती पेटेल तेव्हा तो तुमच्या मांडीवर घोरत असेल. पहिल्या दोन संध्याकाळी कोणताही लुआऊ ठरवू नका.

सासऱ्यांसाठी एकच: पारंपरिक बैठक म्हणून रंगमंचाजवळ चटया-उशा घालून जमिनीवर बसवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ओल्ड लाहाइनातही. जागा फार छान, पण त्यांच्यासाठी नव्हे. खुर्ची-टेबल मागा. आणि बऱ्याच लुआऊत लग्नाला जास्तीत जास्त वर्षं झालेल्या जोडप्यांना उभं करून सर्वांसमोर नाचायला लावतात. दोघांनाही याची आधी कल्पना द्या. काही सासरे त्यात रंगून जातात, काही पुढचे दोन दिवस बोलत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या माणसाला साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर, मुलांना त्याहून कमी, वर कर आणि इतर आकार. तुम्हा सहा जणांना हजार-बाराशे धरा. ‘प्रीमियम’ जागेला आणखी पैसे मोजण्याचं कारण मला एकच दिसतं: मैदान सपाट आहे आणि पोर बुटकं आहे. उतरत्या पायऱ्यांचं सभागृह असेल तर मागची रांगही चालते. वाइकीकीत आणि माउईच्या हॉटेल-वस्तीत फुटपाथवर ‘निम्म्या किमतीत लुआऊ’ अशा पाट्या लावलेले ठेले दिसतील. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी स्वस्त तिकिटाच्या बदल्यात टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला वर्षाकाठी काही दिवसांचा वाटा, विकणाऱ्यांचं दीड-दोन तासांचं व्याख्यान नवरा-बायको दोघांनी ऐकायचं असतं. सुट्टीतली एक सकाळ त्यात घालवायची असेल तर घालवा. सासऱ्यांना मात्र त्या ठेल्याजवळ नेऊ नका, त्यांना किंमत पटेल.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? ओआहूवर एक दुपार-संध्याकाळ यजमान आणि मुलगा यांना लाईएला पाठवलं असतं, चौथ्या रात्री, नुसत्या कार्यक्रमाच्या तिकिटावर. बापाला माय ताय नाही, पण पोराला आग आहे, त्याचा हट्ट मिटला. त्या दिवशी लेकीला आणि सासऱ्यांना घेऊन राजवाडा बघितला असता, सावकाश, मध्ये बसत. मग माउईवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या संध्याकाळी ओल्ड लाहाइना, जर लेकीने शोध घेऊन होकार दिला तर. तिथे मी, लेक आणि ज्याला मनापासून यायचंय तो. तीन तिकिटं निघाली काय, पाच निघाली काय, हरकत नाही. सहाही जणांचा एका रांगेत लेई घातलेला फोटो यायलाच हवा असेल तर लेई सुपरमार्केटातही मिळते, दहा-वीस डॉलरला, आणि कोणी दिलेली लेई देणाऱ्यासमोर काढायची नसते एवढं पाळलं की झालं.

आणि लुआऊशिवाय हवाईहून परत आलात तर ‘काय उपयोग’, असं तुम्ही लिहिलंय. हा उपयोग कोणाला दाखवायचाय, ते जरा बघा. ज्यांना तो नाच बघायचाय त्यांच्यासाठी तो आहे. तुमच्या घरात असे मला दोघे दिसले, एक सहा वर्षांचा आणि एक तुम्ही. लेकीचं काही सांगता येत नाही.

नाताळ ते नववर्ष हा तिथला सगळ्यांत गर्दीचा आठवडा, ओल्ड लाहाइना कित्येक आठवडे आधी भरतो, तेव्हा हे वाचल्यावर लेकीला फार दिवस देऊ नका. एक शनिवार-रविवार पुरे. डिसेंबर पावसाचाही महिना असतो, म्हणून पाऊस आला तर पैसे परत की दुसरी तारीख, हे बुकिंगआधी वाचा. सासूबाई येणार असतील तर त्यांच्या जेवणाचा मजकूर बुकिंगमध्ये लेखी टाका, दोन दिवस आधी फोन करून पुन्हा सांगा, आणि टेबलावर बसल्या बसल्या वाढणाऱ्याला तिसऱ्यांदा सांगा.